कंप नेमका कुठे अडवावा?

इसेन्शियल ट्रेमर झालेला माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा त्याचा हात बहुधा शांत असतो. चहाचा कप उचलला, बँकेच्या कागदावर सही करायला पेन धरले, आमटीचा चमचा तोंडाकडे नेला की हात थरथरू लागतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, बऱ्याचदा उलट चित्र दिसते. तिथे हात मांडीवर निवांत असतानाच हलतो. तरीही आपल्याकडे दोन्ही आजार सर्रास एकाच नावाखाली जातात, आणि लग्नाच्या पंगतीत जेवायला बसणे टाळणारा माणूस ‘वयाचा परिणाम’ म्हणून वर्षानुवर्षे गप्प राहतो. पासष्टी ओलांडलेल्यांत शंभरातल्या चार-पाच जणांना इसेन्शियल ट्रेमर असतो. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही त्यावरची जुनी आणि अजूनही मुख्य औषधे. ज्यांना त्यांनी पुरेसा आराम पडत नाही अशांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या ज्यांचे जगणे कंपाने अडते, त्यांच्यासाठी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून सतत विद्युत्स्पंद देण्याचा उपाय आहे. तोच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात डीबीएस.

हा इलेक्ट्रोड कुठे ठेवायचा, यावर गेली वीसेक वर्षे वाद चालू आहे. एका बाजूला थॅलॅमसमधला ‘विम’ हा केंद्रक आहे, दुसऱ्या बाजूला थॅलॅमसच्या खाली, सबथॅलॅमिक केंद्रकाच्या मागचा छोटा प्रदेश, ज्याला ‘पीएसए’ म्हणतात. दोन्ही बाजूंची आकडेवारी वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की ठिकाणाचा हा झगडा बराचसा निवळला आहे. अडचण आहे ती आपण यश कशाने मोजतो, किती काळ मोजतो आणि हातापलीकडचे काय मोजतच नाही, यात.

विमचा इतिहास आधी पाहायला हवा, कारण त्याचा दबदबा त्यातूनच आला. 1952 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद आयर्व्हिंग कूपर यांच्याकडून एका पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत मेंदूतली एक धमनी दुखावली आणि ती बांधून टाकावी लागली. शुद्धीवर आलेल्या रुग्णाचा कंप थांबला होता. मेंदूच्या खोल भागात नेमकी इजा केली तर कंप जातो, ही कल्पना त्यानंतर वेगाने पसरली. जर्मनीत रॉल्फ हासलर यांनी थॅलॅमसचे बारीक विभाग पाडून नकाशा बनवला होताच. अनुमस्तिष्काकडून येणारे तंतू थॅलॅमसच्या ज्या भागात उतरतात तो म्हणजे विम, आणि तिथे छोटी जखम केली की उलट बाजूच्या हाताचा कंप थांबतो, हे अनेक केंद्रांत दिसून आले. भारतातही हे काम उशिरा आले नाही. मद्रासमध्ये बी. रामामूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांचा गट साठच्या दशकातच अशा स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया करत होता. लेव्होडोपा हे औषध आल्यावर पार्किन्सन्ससाठी या शस्त्रक्रियांची गरज ओसरली आणि इसेन्शियल ट्रेमरचे रुग्णही नकळत मागे पडले.

पुढचे वळण 1987 चे, फ्रान्समधल्या ग्रनोबलचे. जखम करण्याआधी जागा बरोबर आहे का हे तपासायला शल्यविशारद तिथे हलका विद्युत्प्रवाह देऊन बघत असत. आलिम-लुई बेनाबीद यांच्या लक्षात आले की सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक स्पंद दिले की कंप तिथल्या तिथे थांबतो आणि प्रवाह बंद केला की परत येतो. मग ऊती जाळायचीच कशाला? इलेक्ट्रोड तिथेच ठेवावा, बॅटरी छातीच्या कातडीखाली बसवावी. पिएर पोलाक आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दीर्घकालीन निष्कर्ष मांडले. अमेरिकेत 1997 मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. 2000 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 68 रुग्णांवर जखम आणि उद्दीपन यांची थेट तुलना प्रसिद्ध केली. उद्दीपन मिळालेल्यांचे रोजचे व्यवहार अधिक सुधारले होते आणि दुष्परिणाम कमी होते. त्या रुग्णांत इसेन्शियल ट्रेमरचे अवघे 13 होते, ही गोष्ट नंतर तो अभ्यास उद्धृत करणाऱ्यांनी क्वचितच सांगितली.

विमची एक मोठी गैरसोय अशी की नेहमीच्या एमआरआयमध्ये त्याच्या सीमा दिसत नाहीत. मेंदूतल्या दोन ठरावीक खुणांमधली रेषा घ्यायची, तिच्या लांबीच्या प्रमाणात मागून पुढे मोजायचे, मध्यरेषेपासून किंवा निलयाच्या भिंतीपासून काही मिलिमीटर बाजूला जायचे आणि तिथे विम असणार असे धरायचे. म्हणून रुग्णाला जागे ठेवून खात्री केली जाते. त्याला कागदावर चक्राकार रेघ काढायला लावतात, ग्लास धरायला लावतात, बोलायला लावतात. सुई जरा मागे गेली तर स्पर्शाच्या केंद्रकात प्रवाह पोचतो आणि हाताला, ओठांना मुंग्या येतात. जरा बाहेर गेली तर इंटर्नल कॅप्सूलमधल्या तंतूंमुळे स्नायू आखडतात, जीभ जड होते. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बसवलेल्यांत बोलणे अडखळणे आणि चालताना तोल जाणे हे दोष अधिक दिसतात. डोक्याचा आणि आवाजाचा कंप आवरायला मात्र बहुधा दोन्ही बाजूंचे उद्दीपनच लागते. विमच्या बाबतीतला हा खरा पेच आहे आणि त्यावर व्हायला हवी तितकी चर्चा होत नाही.

पीएसए ही जागा नवी नाही. साठच्या दशकात स्पीगेल आणि वायसिस यांनी या भागात जखमा केल्या होत्या, पण तेव्हाच्या लाटेत थॅलॅमसच वरचढ ठरला. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती एकविसाव्या शतकात. ब्रिस्टलमध्ये स्टीव्हन गिल यांच्या गटाने आणि स्वीडनमधल्या उमेओ इथे पात्रिक ब्लूमस्टेट आणि मारवान हारिज यांनी इसेन्शियल ट्रेमरसाठी हा भाग चिकाटीने तपासला. पुढे सबथॅलॅमिक केंद्रक, आत लाल केंद्रक, मागे संवेदना वाहून नेणारा मीडियल लेम्निस्कस, अशा शेजारात तो वसलेला आहे. त्यातली दोन केंद्रके टी-टू एमआरआयवर काळी, ठळक दिसतात. शल्यविशारदाला प्रत्यक्ष शरीररचना पाहून जागा ठरवता येते. या एका गुणासाठीच पीएसएकडे गांभीर्याने पाहायला हवे होते, आणि ते पाहायला फार उशीर झाला असे मला वाटते. उमेओच्या रुग्णांत हाताचा कंप ठळकपणे कमी झाला आणि सुमारे चार वर्षांनंतरच्या तपासणीतही फायदा बऱ्याच अंशी टिकून होता. शस्त्रक्रियेनंतर काहींना शब्द सुचण्यात तात्पुरती अडचण आली, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

दोन ठिकाणांची सर्वांत प्रामाणिक तुलना जर्मनीतल्या कोलोनची, 2018 ची. तिचा आराखडा मला फार आवडतो. एकाच इलेक्ट्रोडचा वरचा संपर्कबिंदू विममध्ये आणि खालचा पीएसएमध्ये येईल अशा वाटेने तो बसवला होता. मग त्याच रुग्णाला आळीपाळीने दोन्ही बिंदूंवर उद्दीपन दिले, आणि कोणते चालू आहे हे ना रुग्णाला माहीत होते ना तपासणाऱ्याला. माणूस तोच, मेंदू तोच, शस्त्रक्रिया तीच, त्यामुळे एरवी तुलना बिघडवणारे निम्मे घटक आपोआप गळून पडले. पीएसए विमच्या तोडीस तोड ठरले आणि तोच परिणाम कमी प्रवाहात मिळाला. रुग्ण मात्र विसाच्या आत होते, आणि पाठपुरावा महिन्यांचा होता, वर्षांचा नव्हे.

कमी प्रवाह का पुरतो, याचे उत्तर तंतूंच्या वाटेत आहे. अनुमस्तिष्कातल्या डेंटेट केंद्रकातून निघणारे तंतू बाजू बदलतात, लाल केंद्रकाजवळून पीएसएतून वर चढतात आणि विममध्ये पोचून पसरतात. कालव्याचे पाणी वाफ्यांत पसरल्यावर अडवायचे तर सगळीकडे बांध घालावा लागतो, पाटाच्या तोंडाशी मात्र थोडक्या मातीत काम भागते. पीएसएत हे तंतू दाट जुडीने जातात. फ्रायबुर्गचे फोल्कर कोनेन यांनी डिफ्युजन एमआरआयवरून ही जुडी रेखाटून थेट तिलाच लक्ष्य करायला सुरुवात केली. कील इथल्या गटाने स्पंदाची रुंदी आणि ताकद बदलून पाहिली आणि कंप थांबवणारे घटक हे जाड, वेगवान तंतू असावेत असा निष्कर्ष काढला. 2019 मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयातून आलेल्या अभ्यासाने दाखवले की उद्दीपनाचा बिंदू अनुमस्तिष्काशी आणि हालचालीच्या प्रमस्तिष्क भागाशी किती जोडलेला आहे, यावरून सुधारणेचा अंदाज बांधता येतो. हातासाठी आणि डोक्यासाठी सर्वोत्तम जोडणी थोडी वेगळी असते, हेही त्यात दिसले. या सगळ्यानंतर विम की पीएसए ही निवड पक्षनिष्ठेसारखी मांडणे मला पटत नाही. एकाच मार्गावरचे हे दोन थांबे आहेत आणि एक नीट आखलेला इलेक्ट्रोड दोन्हीतून जाऊ शकतो. अजूनही केंद्रे आपापल्या परंपरेने एकच ठिकाण धरून बसतात याचे कारण शास्त्रात कमी आणि सवयीत जास्त आहे.

पण त्याच मार्गात एक धोका आहे. कंप थांबवणारे आणि हालचालींचा मेळ राखणारे तंतू शेजारी शेजारी धावतात. प्रवाह वाढवत नेला की कंप आणखी कमी होतो आणि मग पाय लटपटू लागतात. 2010 मध्येच विमच्या रुग्णांत दिसले होते की योग्य प्रमाणातले उद्दीपन चाल सुधारते आणि त्याहून जास्त दिले तर तीच चाल बिघडते. हाताच्या गुणांकनात हे कुठेच उमटत नाही.

गुणांकनाची गोष्ट म्हणूनच जरा सविस्तर. बहुतेक अभ्यास फान-टोलोसा-मारिन किंवा टेट्रास या मापनपट्ट्या वापरतात, शून्यापासून चारपर्यंतच्या श्रेणींच्या. पहिल्या पट्टीत कंप चार सेंटिमीटरच्या पलीकडे गेला की तो थेट वरच्या टोकाला जाऊन बसतो. दहा सेंटिमीटरचा कंप पाचवर आला तरी गुण तेच राहतात. शिवाय एका श्रेणीचा फरक म्हणजे कंपाच्या प्रत्यक्ष विस्तारात कित्येक पटींचा फरक असतो, कारण हे नाते लॉगरिदमचे आहे. एका केंद्राचे ‘पन्नास टक्के’ आणि दुसऱ्याचे ‘साठ टक्के’ शेजारी ठेवून विजेता जाहीर करणारे तक्ते वाचताना मला खरोखर वाईट वाटते. रुग्णाला टक्के नको असतात. त्याला हवे असते सांडल्याशिवाय पाणी पिणे आणि चेकवरची सही बँकेने मान्य करणे.

काळाचा मुद्दा आणखी अवघड. काही वर्षांनी उद्दीपनाचा परिणाम ओसरतो आणि त्याला सरसकट ‘मेंदूला सवय झाली’ असे म्हटले जाते. कील इथल्या गटाने काही वर्षांपूर्वी इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना उद्दीपन चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत तपासले, तेव्हा बिघाडाचा फार मोठा भाग आजार वाढल्यामुळे होता आणि सवयीचा वाटा लहान होता. विमवर ठेवलेला हा ठपका त्यामुळे बराच हलका होतो. पीएसएचे समर्थक ‘आमच्याकडे सवय होत नाही’ असे म्हणतात तेव्हा त्यांनीही तितक्याच वर्षांनी, यंत्र बंद करून तपासलेला कंप दाखवायला हवा.

दरम्यान तिसरा स्पर्धक आला आहे, केंद्रित अल्ट्रासाउंडचा. कवटी न उघडता, एमआरआयमध्ये बसवलेल्या शिरस्त्राणातून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून विममध्ये उष्णतेने जखम केली जाते. 2016 च्या चाचणीत 76 रुग्ण होते. उपचार मिळालेल्यांचे हाताच्या कंपाचे गुण तीन महिन्यांनी 18.1 वरून 9.6 वर आले, लटक्या उपचाराच्या गटात जवळजवळ काहीच बदलले नाही. ज्यांना यंत्र, बॅटरी, वारंवारच्या भेटी नको आहेत त्यांना हा मार्ग मोहवणारा वाटणे स्वाभाविक आहे. पण जखम परत घेता येत नाही. त्याच चाचणीत सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीला चालण्याचा त्रास झाला आणि वर्षानंतरही काहींचा तो राहिला. डीबीएसमध्ये तोच त्रास प्रवाह कमी करून किंवा दिशादर्शक इलेक्ट्रोडने तो दुसरीकडे वळवून बऱ्याचदा आटोक्यात आणता येतो.

ऑक्सफर्डमधल्या एका गटाने 2017 मध्ये कंपाच्या प्रत्येक लाटेच्या नेमक्या टप्प्यावरच स्पंद देऊन पाहिले. काही रुग्णांत त्याने चांगलाच फरक पडला. विद्युत्प्रवाह ‘कुठे’ द्यायचा याइतकाच ‘केव्हा’ द्यायचा हा प्रश्न फलदायी ठरेल, असे मला त्यातून वाटते.

महाराष्ट्रातल्या रुग्णापाशी हा सगळा विचार येऊन पोचतो तेव्हा त्यात आणखी एक हिशेब मिसळतो. यंत्र परदेशी बनावटीचे, खर्च लाखांत, आणि शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने प्रवाह जुळवून घ्यायला मोठ्या शहरात खेपा घालाव्या लागतात. नांदेडहून किंवा सावंतवाडीहून मुंबई-पुण्याला येणाऱ्याला कमी प्रवाहात भागणारे, बॅटरी जास्त पुरवणारे ठिकाण नुसते शास्त्रीय कुतूहल राहत नाही. बॅटरी बदलणे म्हणजे पुन्हा एक छोटी शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च. म्हणून ज्या केंद्रात विम आणि पीएसए दोन्हीतून जाणारा इलेक्ट्रोड बसवून दोन्ही बिंदू शांतपणे, वेगवेगळ्या दिवशी तपासले जातात, चाल आणि बोलणे यांचीही हाताइतकीच नोंद ठेवली जाते आणि जुळवणीसाठी गावाजवळ कुणीतरी प्रशिक्षित माणूस मिळतो, तिथे माझ्या घरच्या माणसाला पाठवायला मी कचरणार नाही.