मधली जागा

ग्रूप फोटो ही काढायची नव्हे, जुळवायची गोष्ट आहे. माणिकपुरात लग्न लागून मंडळी चर्चबाहेर आली, की फोटोग्राफरच्या आधी एखादी काकी सूत्रं हाती घेते. उंच माणसं मागे, पोरं पुढे, जावई खुर्चीत आणि ज्या मामाशी बोलणं नाही तो पार कडेला! फोटोग्राफर नुसता खटका दाबतो. समीक्षक मंडळी ज्याला ‘रचना’ म्हणतात ती काकीची. त्या घरातली माया आणि भाऊबंदकी पुढली पन्नास वर्षं भिंतीवर टांगलेली राहते.

तेव्हा कुटुंबाच्या फोटोत भावना कुठं असते असं कुणी विचारलं, तर मी चेहऱ्यांकडे बोट दाखवणार नाही. चेहरे बहुधा ‘हलू नका’ या एकाच भावनेनं भारलेले असतात. खरी भावना कोण कुणाशेजारी आहे, यात.

डोरोथिया लँग या बाईंनी मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, एका बत्तीस वर्षांच्या आईचा फोटो काढला. मांडीत तान्हं, दोन बाजूंना दोन मुलं. पण ती तोंड फिरवून आईला बिलगलेली. त्यामुळं साऱ्या घराची काळजी एकाच चेहऱ्यावर येऊन पडते. मुलं कॅमेऱ्याकडे बघून हसली असती, तर सगळंच मुसळ केरात! कोपऱ्यात आलेला एक अंगठा बाईंनी पुढं निगेटिव्हवरून पुसवून घेतला. आपल्याकडे फ्रेम लहान पडली म्हणून अख्खी मावशी कापतात. त्या मानानं अंगठा काहीच नाही.

पण मला त्याहून बोलका वाटतो तो आपल्या दादरचा, ‘राजगृहा’तला फेब्रुवारी 1934 चा फोटो. डावीकडून मुलगा यशवंत, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंदराव. शिवाय लाडका कुत्रा टॉबी. आता माणसं मोजा. पाचांत मधली जागा रमाबाईंची! गोलमेज परिषदा गाजवून आलेला, 1932 च्या पुणे करारावर सही केलेला माणूस इथं दुसऱ्या नंबरावर आहे. बाईच्या एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला जाऊ. एका टोकाला मुलगा, तर दुसऱ्या टोकाला पुतण्या. आपलं-परकं असं काही नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी. हे कुणी जुळवलं असो की आपसूक जुळलं असो, घर कुणाच्या आधारानं तोललंय ते भाषण न करता कळतं.

आणि फोटोत नसलेलीही माणसं असतात. या दांपत्याची चार मुलं त्याआधीच गेली होती. ती असती तर ओळ किती लांब झाली असती, हे एकदा मनात आलं की यशवंताकडे नुसतं ‘डावीकडून पहिला’ म्हणून बघवत नाही. पुढं 27 मे 1935 ला, म्हणजे जेमतेम पंधरा महिन्यांनी, रमाबाईही गेल्या. मधलीच जागा रिकामी झाली.

नेत्याचा फोटो हवा म्हणून यातले बाबासाहेब तेवढे कापून घेतले, तर फोटो मिळेल, घर मिळणार नाही. तेव्हा जुना ग्रूप फोटो फ्रेमला देताना दुकानदाराला एवढंच बजावावं: बाबा रे, काच महाग पडली तरी चालेल, पण कडेची माणसं राहू देत.