पाच ओळींची कृतज्ञता आणि तीनदा विकलेला भोपळा : एका गाजलेल्या पेपरचं वाचन

‘रोज रात्री कृतज्ञता वाटणाऱ्या पाच गोष्टी वहीत लिहा, मन शांत राहील.’ हा सल्ला तुम्ही रीलवर ऐकला असेल, कॉलेजच्या एखाद्या कार्यशाळेतही ऐकला असेल. मीही ऐकला. पीएचडीचं दुसरं वर्ष होतं, सिनॉप्सिस दोनदा परत आला होता आणि सेलूला घरी फोन करायचीही इच्छा होत नव्हती. कार्यशाळेतल्या मॅडमनी सांगितलं म्हणून मी एकवीस दिवस वही लिहिली. तिसऱ्या आठवड्यात पानावर ‘चहा’, ‘पंखा’, ‘वायफाय’ एवढंच उरलं होतं. वर आणखी एक अपराधीपणा वाटायला लागला, तो म्हणजे मला नीट कृतज्ञसुद्धा होता येत नाही!

मग सवयीप्रमाणे मूळ पेपर शोधला. या लेखात आपण तोच वाचणार आहोत. नेट-पेटची तयारी करताना आपण ‘प्रायोगिक गट, नियंत्रित गट’ अशा व्याख्या पाठ करतो, पण त्या एखाद्या खऱ्या पेपरवर लावून पाहायचं राहून जातं. म्हणून हा प्रपंच.

पेपर काय म्हणतो

लेखक आहेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ. पेपर 2003 साली ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’मध्ये आला. त्यात तीन प्रयोग आहेत. पहिल्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी आणि तिसऱ्याने आठवड्यात घडलेल्या कुठल्याही पाच घटना. असं दहा आठवडे चाललं. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांनीच, पण रोज लिहिलं. तिसरा प्रयोग स्नायू आणि मज्जासंस्थेचे आजार असलेल्या 65 प्रौढांवर 21 दिवस केला.

निकाल असा : पहिल्या प्रयोगात कृतज्ञता लिहिणाऱ्यांना आपलं एकूण आयुष्य जास्त बरं वाटलं, शारीरिक तक्रारी कमी नोंदल्या गेल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी आठवड्याला दीड तासाच्या आसपास जास्त व्यायाम केला. तिसऱ्या प्रयोगात झोप सुधारली, इतरांशी जोडलं गेल्याची भावनाही वाढली.

आधी पेपरचं चांगलं ते सांगते. गट यादृच्छिक पद्धतीने केले आहेत. एकाच प्रयोगावर न थांबता तीन केले आहेत. तिसऱ्या प्रयोगात रुग्णाच्या जवळच्या माणसांकडूनही माहिती घेतली, म्हणजे फक्त स्वतःच्या सांगण्यावर विसंबून राहिले नाहीत. टीका करायला बसलो की हे आपण विसरतो. तुम्ही विसरू नका.

पहिली शंका : तुलना कोणाशी?

व्यायामाचं वाक्य पुन्हा वाचा. ‘कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा’ जास्त. दहा आठवडे एखाद्याला आपल्या कटकटी शोधायला लावल्या, तर तोच खाली जाईल. मग हा फरक एक जण वर गेल्यामुळे पडला की दुसऱ्याला खाली ढकलल्यामुळे? शेतातलं उदाहरण घ्या. नव्या खताचा प्लॉट आणि तणनाशकाने जळालेला प्लॉट शेजारी शेजारी ठेवले, तर खत कुठलंही असो, ते भारीच ठरणार. ‘कुठल्याही घटना’ लिहिणारा गट ही खरी तुलना, आणि तिथे चित्र तेवढं ठळक राहत नाही. दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गट होता. आपण इतरांपेक्षा कशात बरे आहोत, हे त्यांनी लिहायचं होतं. त्यांच्याशी तुलना केल्यावर कृतज्ञतेचा वरचष्मा पुसटच होतो.

2016 मध्ये डॉन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचं एकत्र विश्लेषण केलं. इतर साधं काही लिहिणाऱ्या गटांच्या तुलनेत मानसिक स्वास्थ्यातला फरक निघाला 0.17 प्रमाण विचलन. याचा अर्थ काय? दोन्ही गटांतून एकेक माणूस उचलून शंभर जोड्या केल्या, तर साधारण 55 जोड्यांमध्ये कृतज्ञतेवाला वरचढ असेल आणि 45 मध्ये दुसरा. शून्यापेक्षा जास्त आहे, पण ‘आयुष्य बदलेल’ नक्कीच नाही. आणि मनावर काम करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या उपायाशी तुलना केली, तर कृतज्ञता लिहिणं त्याच्याइतकंच ठरलं, त्याहून चांगलं नाही.

दुसरी शंका : वहीत जे मावत नाही

इथे मला सेलूची आठवण येते. सेलू म्हणजे मनमाड-सिकंदराबाद लाइनवरचं, जालना आणि परभणीच्या मधलं गाव. आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे ऑक्टोबरची काहिली, सोयाबीनची मळणी, कापसाची पहिली वेचणी आणि मोंढ्यात गाड्यांची रांग. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. त्यामुळे या दिवसांत त्यांचाही एक सण असतो, हे मला एमएस्सीला मैत्रीण भेटेपर्यंत माहीत नव्हतं. तिचं गाव जालन्याकडचं. जालन्याजवळच नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. त्यामुळे हा भाग मराठी ख्रिस्ती इतिहासात नवखा नाही.

वही बंद पडली त्याच वर्षी तिने मला हंगामाच्या सणाला नेलं. या सणाचं आजचं रूप इंग्लंडमधून आलं. 1843 मध्ये कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर या पाळकाने सुगीची खास उपासना घेतली आणि पुढे ती प्रथा पसरली. कॅथलिकांकडे याचंच भावंड आहे. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ करतात. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करतात. पण जालन्याकडे भात कुठला? तिथे व्यासपीठासमोर ज्वारीचं पोतं, सोयाबीनची बुट्टी, कापूस, अंडी, पायाला सुतळी बांधलेली कोंबडी आणि एक मोठा लाल भोपळा होता.

उपासना झाली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मग अंगणात लिलाव सुरू झाला. भोपळा एका शिक्षकाने घेतला, पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. पुन्हा बोली. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्यांदा तो ज्यांनी घेतला त्यांनी तो प्रीतिभोजनाच्या चुलीकडे पाठवला. दुपारी आम्ही सगळे ओळीने बसून त्याचीच भाजी जेवलो. मला कोणी विचारलं नाही, तू कोणाची. फक्त ‘सलाम’ म्हणाले आणि पान वाढलं.

आता पेपरकडे या. या सगळ्यात ‘कृतज्ञता’ नेमकी कुठे आहे? मनात आहे का? वहीत तरी नक्की नाही. ती आणण्यात, देण्यात, परत ठेवण्यात आणि एकत्र जेवण्यात आहे. एमन्स-मॅकलॉ यांनी चलाचं जे रूप घेतलं, ते एकट्याने आणि लिहून करायचं होतं. प्रयोगासाठी ते सोयीचं आहे, कारण मात्रा ठरवता येते : आठवड्याला पाच ओळी. पण सोयीसाठी घेतलेलं हे रूप म्हणजेच अख्खी कृतज्ञता, असं पुढे सगळे धरून चालले. ती चूक पेपरपेक्षा पेपर वापरणाऱ्यांची जास्त आहे.

भाषेचा प्रश्नही आहेच. आपण आईला ‘आभारी आहे’ म्हटलं तर ती विचारेल, बरं नाही का तुला? रोजच्या बोलण्यात ‘उपकार’ला ओझ्याचा वास येतो. तेच चर्चच्या मराठीत ‘उपकारस्तुती’ म्हणजे आनंदाने गायची गोष्ट. इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित करून मराठवाड्यात वाटली, तर एकाच शब्दाला दोन घरांत दोन अर्थ लागतील आणि आपण मात्र सरासरी काढत बसू.

तिसरी शंका : सोबतीचा पुरावा तरी पक्का आहे का?

‘मग संगत हेच खरं औषध,’ असं म्हणून मी हा लेख इथे संपवू शकले असते. त्याला आधार देणारा पेपरही आहे : चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम, ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’, 2010. अमेरिकेत 2006 आणि 2007 मध्ये त्याच लोकांना दोनदा प्रश्न विचारून त्यांनी दाखवलं, की नेमाने उपासनेला जाणारे जास्त समाधानी असतात, ते मुख्यतः तिथे असलेल्या मित्रांमुळे. जे जातात पण तिथे ज्यांचे मित्र नाहीत, त्यांना हा फायदा दिसत नाही.

पण हा प्रयोग नव्हे, सर्वेक्षण आहे. समाधानी माणसालाच मित्र लवकर मिळत असतील तर? दोनदा विचारल्याने ही शंका कमी होते, संपत नाही. शिवाय ‘मंडळीत तुमचे जवळचे मित्र किती?’ हा प्रश्न जालन्याकडच्या छोट्या मंडळीत विचारून पाहा. तिथे कोण मामा, कोण आत्या, कोण साडू. मित्र कोणाला म्हणायचं? आणि नात्यात मन दुखावलं तर रविवारी दुसरीकडे जायची सोयही नाही.

माझा स्वतःचा अनुभव तरी पुरावा आहे का? मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे खरं. संध्याकाळी परत येताना मी मैत्रिणीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, ‘काका आले नव्हते, पाहिलंस?’ त्या वर्षी अतिवृष्टीत काकांचं सोयाबीन शेतातच कुजलं होतं. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून ते घरीच बसले. कोणी त्यांना अडवलं नव्हतं, उलट दोघे जण बोलवायला गेले होते. तरी ते आले नाहीत.

मी त्या अंगणात प्रश्नावली वाटली असती, तर आकडे फार सुंदर आले असते, कारण काका त्यात नसते. आपण याला निवड-दोष म्हणतो आणि दोन मार्कांचं उत्तर म्हणून पाठ करतो. मला त्याचा अर्थ त्या दिवशी एसटीत कळला. ज्यांच्यासाठी सोबतीची खरी परीक्षा होती, नेमके तेच मोजणीतून सुटले असते. वहीचंही तसंच आहे. तिसऱ्या आठवड्यात वही बंद करणारे किती आणि ते का सोडून गेले, हे पेपरमध्ये आधी शोधा. मग सरासरीकडे वळा.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर

एक, ऋतूचा गोंधळ ओळखा. सणाआधी आणि सणानंतर मोजाल, तर मधल्या काळात सोयाबीनचे पैसेही हातात आलेले असतील. त्याच गावातल्या, सण न करणाऱ्या शेतकऱ्यांची मोजणी बरोबरीने करा.

दोन, नमुन्याचा आकडा फुगवू नका. दहा मंडळ्यांतले प्रत्येकी 50 म्हणजे 500 स्वतंत्र माणसं नव्हेत. एका मंडळीतले लोक एकमेकांसारखे असतात. हा अंतर्गत सहसंबंध फक्त 0.05 धरला, तरी 1 + 49 × 0.05 = 3.45. म्हणजे 500 चं प्रत्यक्षात बळ साधारण 145 जणांइतकंच. आरआरसीत हा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी स्वतःला विचारा.

तीन, गुप्तता. पुण्या-मुंबईत ‘ख्रिस्ती, स्त्री, 54, शिक्षिका’ ही फक्त माहिती असते. सेलूसारख्या ठिकाणी ते जवळपास नावच आहे. असे तक्ते छापू नका.

चार, न आलेल्यांकडे जा. यादी मंडळीच्या वहीतून घ्या, हजेरीतून नको. हे काम वेळखाऊ आहे, गाईड कदाचित ‘कशाला’ म्हणतील. तरीही जा.

शेवटी माझ्यापुरतं. एमन्स-मॅकलॉ यांचा पेपर वाईट नाही. त्याने एका धूसर गोष्टीला प्रयोगात आणलं आणि आज आपण त्याला नावं ठेवू शकतो, तेही त्याने पद्धत स्पष्ट लिहिली म्हणूनच. पण दुसऱ्या वर्षात खचलेल्या विद्यार्थ्याला कोणी फक्त वही देत असेल, तर त्याच्याकडे 0.17 एवढाच आधार आहे, हे त्याला माहीत असू दे. मी पुन्हा वही लिहिली नाही. पुढच्या ऑक्टोबरला मात्र पुन्हा त्या गावी गेले. मैत्रिणीने आणि मी सणाच्या आदल्या दिवशी काकांच्या घरी जाऊन जेवण केलं. दुसऱ्या दिवशी ते आले, अर्धं पायली उडीद घेऊन, आणि मागच्या बाकावर बसले. एका माणसाचं हे उदाहरण आहे, नमुना 1. त्यावरून निष्कर्ष काढू नका.