सेंच्युरियनवरची धूळ

बोरिवलीतल्या एका मित्राने रंगवलेलं सेंच्युरियन रणगाड्याचं मॉडेल माझ्यासमोर आहे. प्रमाण १:३५, त्यामुळे तोफेसकट लांबी जेमतेम २८ सेंटिमीटर. १९६५ च्या भारत-पाक युद्धात, सप्टेंबरात, सियालकोट भागात पूना हॉर्स रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच जातीच्या रणगाड्यातून लढले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मित्राने त्या महिन्यातली धूळ रंगवली आहे.

आधी खालचा हिरवा रंग बघा. एवढ्या लहान वस्तूवर खराखुरा लष्करी हिरवा लावला तर तो काळाच दिसतो, म्हणून त्यात पिवळसर छटा मिसळून तो उजळला आहे. बुरुजाचं छत उन्हाने विटलेलं, बाजूचे पत्रे थोडे गडद. एअरब्रशचे हे थर इतके पातळ आहेत की रंग कुठे बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

त्यावर तैलरंग. कॅमलच्या साध्या नळ्या. पांढरा, गेरू आणि मातकट रंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यायचे आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढायचे. पावसाने वाहून नेलेल्या मळाच्या रेघा अशाच उभ्या असतात. इथली प्रत्येक रेघ एखाद्या बोल्टपाशी किंवा सांध्यापाशी सुरू होते. उगाच मध्येच उगवलेली एकही नाही.

मग धूळ. पेस्टल खडूची वस्त्रगाळ पूड, पंजाबच्या गाळमातीसारखी फिकट करडी-पिवळी. पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर ती पुढे विरळ आणि मागे दाट होत जाते, कारण फिरते पट्टे माती मागे फेकतात. बुरुजाच्या कडेला, जिथे वारा पोचत नाही, तिथे ती साचली आहे. आणि जिथे जवान पाय ठेवून चढतात, झाकणाची मूठ धरतात, तिथे ती पुसली गेली आहे. खालचा हिरवा किंचित तुकतुकीत झाला आहे. माणसाची एकही आकृती न ठेवता त्याने माणसांची ये-जा दाखवली आहे!

सगळ्यात देखणी जागा मात्र इंजिनाच्या छतावर आहे. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलवर चालायचं. सांडलेलं पेट्रोल धूळ धुऊन नेतं आणि उडून जातं. ऑइलसारखा काळा चकाकता डाग मागे राहत नाही. टाकीच्या झाकणाभोवती म्हणूनच एक स्वच्छ हिरवं बेट आहे आणि त्याच्या काठाला धुळीची बारीक फिकट कड. इंजिन कोणतं हे ठाऊक असल्याशिवाय असा डाग सुचत नाही.

पट्ट्यांचे जमिनीला घासणारे कंगोरे पेन्सिलीच्या शिशाने चमकवलेत, तेही छान. शेवटचं मॅट वार्निश त्याने पावसाळ्यात टाळलं, कारण आपल्या उपनगरी दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. धुळीचा वरचा थर तर वार्निशाविनाच ठेवला, नाहीतर वार्निश ती पूड गिळून टाकतं.

गंजाचा ओघळ मात्र कुठेही नाही. अनेक मॉडेलकार गंजाचा सढळ वापर करतात, पण रोज राबणारा, निगा राखलेला रणगाडा चिलखतावर असा गंजत नाही. हा संयम मला सर्वांत मोठा वाटतो.

असं मॉडेल कुठे पाहायला मिळालं तर ते खिडकीच्या तिरप्या उजेडात धरा आणि नजर आधी पेट्रोलच्या झाकणाकडे न्या.