जिव्हाळा : एका शब्दाची झडती

दलित साहित्यावर लिहिताना प्रस्थापित समीक्षेला एक शब्द फार सोयीचा वाटत आला आहे : जिव्हाळा. जुन्या गावगाड्यात जिव्हाळा होता, दलित लेखक मात्र कटुतेने लिहितात, अशा आशयाचे परीक्षण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. शब्द गोड म्हणून आपण त्याची झडती घेत नाही. ती घेतली पाहिजे.

आज जिव्हाळा म्हणजे आपलेपणा, आतड्याची ओढ. पण जुन्या कोशांत त्याचे आणखी दोन अर्थ आहेत : पाण्याचा जिवंत झरा आणि शरीरातले मर्मस्थान. म्हणजे शब्दाची कसोटी शब्दातच आहे. तहानलेल्याला पाणी मिळते काय? दुसऱ्याचा घाव आपल्या मर्माला लागतो काय?

भडगावच्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात गिरणेचे पात्र कोरडे पडते. १९६९ साली वरच्या अंगाला धरण पूर्ण झाले, तेव्हापासून आवर्तनाची वाट पाहणे आले. तरी वाळूत झिरा खणला की खालून पाणी पाझरते. त्या पाण्याला जात नसते. जात असते ती काठाला. कोणी वर भरायचे आणि कोणी खाली, हे गावोगाव काठानेच ठरवले.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले, तेव्हा सत्याग्रहींना मार बसला आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ज्या गावगाड्याच्या जिव्हाळ्याचे गोडवे गायले जातात, त्याचा झरा ओंजळभर पाण्याने बाटत होता!

खानदेशात आखाजीला सालदार ठरतो. 'तो आमच्या घरच्यासारखा' असे मालक म्हणतो, आणि पुष्कळदा मनापासून म्हणतो. त्याच्या मनावर मी शंका घेत नाही. शंका आहे ती 'सारखा' या शब्दावर. घरच्या माणसाला कोणी घरच्यासारखा म्हणत नाही, आणि त्याचे साल आखाजीला ठरत नाही. वरून खाली येते ती दया. ती माणसाला उपकृत करते, बरोबरीचा करीत नाही.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेने हे निर्दयपणे उघडे केले. कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो. आपल्या खानदेशातून जाणारी लोहमार्गाची वाट तिथेच पोचते. जात कळत नाही तोवर रामचरण तिवारी त्याला गुरू मानतो. ते प्रेम ढोंगी नाही, ही या कथेतली खरी भयानक गोष्ट. जात कळते आणि तेच हात मारायला उठतात. त्याला सोडवतो तो काशिनाथ, ज्याने आपली जात कधी चोरली नाही. माणूस तोच, गुण तेच; मग आटले काय? जो जात विचारून वाहतो तो झरा नव्हेच, साठवलेले पाणी होते.

म्हणून दलित लेखनात जिव्हाळा नाही हा आक्षेप उलटा आहे. मर्मावर घाव बसलेला माणूस ओरडतो, ती ओरडच जिव्हाळ्याची पहिली खूण आहे. ती ऐकून ज्याचे काही दुखत नाही, त्याने लेखकाकडे जिव्हाळा मागू नये.

आणि आपणही ही कसोटी स्वतःला लावावी. आपल्या वस्त्यांत पोटजातींचे काठ अजून आहेत. सभेत आपण समतेवर बोलतो, आणि सोयरीक जुळवताना घरी परतून पोटजात विचारतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले होते. समतेवाचून जिव्हाळा ही मालकाची भाषा आहे. ती आपल्या तोंडी येऊ नये.