‘जाहिरातविरहित’ : एका विशेषणाचे मोल

कोंबडीची अंडी एके काळी नुसती ‘अंडी’ होती. पोल्ट्रीची अंडी बाजारात आल्यावर जुन्या अंड्यांस ‘गावठी’ हे विशेषण लागले आणि विशेषणाबरोबर भावही चढला. त्रुबेट्स्कॉय व याकबसन यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर जे पद अचिन्हित होते ते चिन्हित झाले. स्ट्रीमिंगच्या दरपत्रकांतही हीच घडामोड आढळते. मात्र येथे ती भाषकसमाजाने नव्हे, विक्रेत्याने घडवून आणली आहे.

नेटफ्लिक्सने २०१० मध्ये अमेरिकेत ७.९९ डॉलरांची केवळ स्ट्रीमिंगची योजना काढली. तीत जाहिराती नव्हत्या. म्हणूनच तसे सांगण्याचेही कारण नव्हते. २०२२ च्या नोव्हेंबरात ६.९९ डॉलरांची ‘जाहिरातींसह’ योजना निघाली. खूण लागली ती उण्या वस्तूस, आणि तेवढ्यापुरता हा व्यवहार प्रामाणिक म्हणावा लागेल. (जाहिरातींवाचूनची ‘स्टँडर्ड’ योजना २०२५ च्या जानेवारीत १७.९९ डॉलरांवर गेली, हा भाग निराळा.)

ॲमेझॉनने याच्या नेमके उलट केले. २९ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत प्राइम व्हिडिओच्या चालू सभासदत्वातच जाहिराती आल्या. नाव तेच, दर तोच. जाहिराती नको असणाऱ्यांनी महिना २.९९ डॉलर अधिक द्यावेत, अशी व्यवस्था झाली. डॉल्बीच्या चित्राची व ध्वनीची वरची प्रतही जुन्या श्रेणीतून निघून या अधिक पैशांच्या श्रेणीत गेली. भारतात हीच पद्धत १७ जून २०२५ रोजी आली. येथे अधिभार महिना १२९ रुपयांचा. दर न वाढविता केलेली ही दरवाढ होय. ती शब्दाच्या आड झाल्याने ग्राहकास दाखवून देणेही अवघड जाते.

पूर्वीचे दरच तोट्याचे होते, हा प्रतिवाद निराधार नाही. डिस्नेच्या या व्यवसायास २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४ अब्ज डॉलरांची खोट आली. शिवाय दर सर्वत्र चढले असेही नाही : नेटफ्लिक्सने भारतात २०२१ च्या डिसेंबरात ‘बेसिक’ योजना ४९९ वरून १९९ रुपयांवर आणली होती. परंतु तोटा हे दर वाढविण्याचे कारण ठरेल. जुन्या नावाखाली निराळी वस्तू देण्याचे ते समर्थन नव्हे.

या पैशास मराठीत ‘वर्गणी’ म्हणावे काय, हाही प्रश्नच आहे. मासिकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक वर्गणीदाराच्या कपाटात राहतात. ‘विलो’ ही मालिका डिस्नेने २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू केली आणि २०२३ च्या मे महिन्यात आपल्या संग्रहातून काढून टाकली; ज्यांचे पैसे नियमित भरलेले होते त्यांनाही ती दिसेनाशी झाली. ‘भाडे’ हा शब्द अधिक अचूक ठरला असता, पण भाडेकरूलाही घर रिकामे करण्यापूर्वी सूचना मिळते.