तालावर न नाचणारा प्रकाश

ढोलकीवर थाप पडली की दिवा चमकतो, हा खेळ आता लग्नाच्या मांडवातही दिसतो. मैफिलीत मात्रेमात्रेला 'वाह वा' करणाऱ्या श्रोत्यासारखा तो दिवा आम्हांला वाटतो. त्याने ऐकले काहीच नाही.

म्हणूनच यानिस झेनाकिस (मृत्यू २००१) यांचे काम आम्हांला मोलाचे वाटते. हे ग्रीक संगीतकार वास्तुरचनेतलेही जाणकार. ल कोर्बुझिए यांच्याकडे काम केलेले. १९६७ साली माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात, फ्रेंच दालनाच्या मधल्या पोकळीत त्यांनी पोलादी तारा ताणल्या आणि त्यांवर १२०० दिवे बसवले. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात दिव्यांची नक्षी बदलू शके. चार वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रित संगीत मात्र मींडेसारखे सलग सरकत राही. स्वर अखंड, प्रकाश तुटक! दिव्यांची रचना त्यांनी संगीतावरून उतरवली नाही. ती वेगळी केली. दोहोंचा मेळ घालायचे काम पाहणाऱ्याच्या अंगावर टाकले. संगीताला दिलेले खरे उत्तर आम्ही यालाच म्हणतो.

तरी एक गोष्ट खुपते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवरील लढाईत झेनाकिस यांचा एक डोळा गेला. तरीही युद्धकाळातल्या रात्री, शोधदिव्यांचे झोत आणि स्फोट हे सारे डोळ्यांना भव्य वाटले होते, असे ते सांगत. त्यांच्या दिव्यांत ते आकाश उतरले आहे. ज्यांच्या घरांवर रात्री असे झोत फिरले, ते त्या दालनात किती वेळ उभे राहिले असते?