लाल्याचं पान आणि २०० मेगापिक्सेल

पत्रिकेवर विषय छापलाय 'स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यातली प्रगती'. मी तो जरा आपल्या वावरात नेणार आहे. कारण पावसाळा सरला की अमरावती-अकोल्याकडं व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरतो. पऱ्हाटीचं पान, आणि खाली प्रश्न : "भाऊ, हे काय होऊन राह्यलं?"

पान लालसर असतं. हा लाल्या की तुडतुडे, हे बरंचसं रंगावरून ठरतं. मॅग्नेशियम कमी पडलं की पान लाल होतं, पण शिरा हिरव्या राहतात. तुडतुड्यांनी रस शोषला की आधी कडा पिवळसर पडतात, पान खाली मुरडतं, मग लाली चढते. एकाला मॅग्नेशियम सल्फेट, दुसऱ्याला कीटकनाशक. फोटो पाहून चुकीचं सांगितलं तर पैसे तर जातातच, वर नको असलेलं विष अंगावर येतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून मी कॅमेऱ्याचं परीक्षण या पानावरून करतो. दुकानातला फोटो सगळ्याच फोनमध्ये सुंदर येतो.

आधी तो २०० चा आकडा. २०२३ च्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आला. त्यातला एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. आता गंमत पाहा. प्रकाश लहरीसारखा वागतो, त्यामुळं लेन्स कितीही चांगली असली तरी एका बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, छोटी चकती होते. त्या फोनच्या एफ/१.७ लेन्समध्ये हिरव्या उजेडाची चकती साधारण २.३ मायक्रॉनची. म्हणजे एका चकतीखाली आडवे जवळपास चार पिक्सेल, उभे चार. सोळा जण मिळून एकच गोष्ट पाहतात! (हशा) शिवाय या सेन्सरवर शेजारच्या सोळा पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते. रंगाच्या बाबतीत तो मुळात साडेबारा मेगापिक्सेलचाच. नेहमीचा फोटोही तो तेवढ्याचाच देतो. अभियंत्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. सोळांची बेरीज केल्यानं कमी उजेडात खरंच फायदा होतो. लबाडी जाहिरातीत आहे.

नोकियानं २०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यूत हेच केलं होतं. ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि फोटो पाचाचा. त्यांनी ते उघड सांगितलं होतं, एवढाच फरक.

खरी प्रगती कुठं झाली? सेन्सर मोठा झाला. २०२२ च्या शाओमी १२एस अल्ट्रात सोनीचा 'एक इंची' सेन्सर आला. त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर, इंच नव्हे. टीव्ही कॅमेऱ्याच्या जुन्या काचनळीचं माप अजून चालू आहे. असो. उजेड जास्त आला हे खरं. पण मोठ्या सेन्सरला पान जवळून दिसत नाही. फोन दूर धरावा लागतो, आणि जवळ नेलाच तर पानाचा मध्य स्पष्ट आणि कडा धूसर. आपल्याला तर कडाच पाहायच्या! मग फोन गुपचूप रुंद कोनाच्या लहान कॅमेऱ्यावर उडी मारतो. त्या लहान कॅमेऱ्याला चांगला ऑटोफोकस दिला, की तो दोन सेंटिमीटरवरून टिपू शकतो. आयफोन १३ प्रोनं २०२१ मध्ये ते करून दाखवलं. तुडतुडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. माझ्या मते वावराच्या कामाची सुधारणा ही, २०० चा आकडा नव्हे.

पण स्वस्त फोनमध्ये काय आलं? दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा, फोकस ठरलेला. मागं तीन डोळे दिसावेत म्हणून लावलेला तिसरा डोळा. मी त्याला नजर लागू नये म्हणून लावलेली काळी टिकली म्हणतो. (हशा)

आता रंगाकडं या. बऱ्याच फोनमध्ये दृश्य ओळखणारी सोय असते. पडद्यावर छोटं पान उमटतं, म्हणजे 'झाड ओळखलं', आणि हिरवा रंग चढवला जातो. सोयाबीन पिवळा मोझॅक पडून पिवळं होतंय, आणि फोन त्याला हिरवंगार करतोय! लग्नाच्या फोटोत हे चालतं. इथं मात्र आजार झाकला जातो. २०२३ मध्ये चंद्राच्या फोटोवरून मोठा वाद झाला होता, आठवत असेल. एकानं चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोटोत मूळ चित्रात नसलेले बारकावे आले. चंद्र सगळ्यांचा एकच, तो भरून काढता येतो. तुमच्या वावरातलं पान कुणाच्या साठ्यात नसतं.

फुटलेलं बोंड हीही चांगली परीक्षा. दुपारच्या उन्हात पांढरा कापूस, खाली काळी माती. फोन चार-पाच झटपट फोटो एकत्र करून दोन्ही सांभाळतो, आणि ते कौतुकाचं आहे. पण त्या सारवासारवीत कवडी कापसाचा पिवळट डाग फिका पडतो. वारा असला तर पानाच्या कडा फिसकटतात त्या वेगळ्याच.

प्रत्येक ठिकाणी हा दोष आडवा येतो असं नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तिथं फक्त वावरात कोणतं पीक उभं आहे ते दाखवायचं असतं, साधा फोनही पुरतो. रंगावरून निदान करायचं झालं की अडचण सुरू होते. आणि परीक्षणं लिहिणारे नेमकं हेच तपासत नाहीत. ते सूर्यास्त तपासतात.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग फोन कोणता घ्यावा?)

आहे तोच चालेल, दादा. दृश्य ओळखण्याची सोय बंद करा. लेन्स रुमालानं पुसा, कारण निम्मे धूसर फोटो हाताच्या तेलाचे असतात. पान आपल्या सावलीत धरा, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला रंग किती सरकलाय ते कळतं. फोन अगदी जवळ नेण्यापेक्षा वीतभर दूर धरा, नंतर कापून घ्या. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे वाटेतच गळतात. आणि एक फोटो पान उलटं करून काढा. तुडतुडे खालच्या बाजूला असतात.